फळीवरची भावकी

सिद्धेश्वर धरणाच्या गावात काकांचं किराणा दुकान होतं आणि सुट्टीत गल्ल्यावर मी बसायचो. बोअरचं पाणी जड. त्यात साबणाला फेस धरत नाही, म्हणून बायका धुण्याला पावडरच मागत. ‘मागची नाही जमली रे, दुसऱ्या कंपनीची दे,’ हे तर रोजचंच. मी एक पुडी मागे सारून दुसरी काढायचो: व्हील, नाहीतर रिन. घरात लग्नकार्य असलं तर सर्फ एक्सेल.

एका रिकाम्या दुपारी मी पुड्यांच्या पाठी वाचत बसलो. तिन्हींवर एकच नाव, हिंदुस्तान युनिलिव्हर, मुंबई. मग फळी चाळली. लाइफबॉय, लक्स, क्लिनिक प्लसची टांगलेली लड, पॉण्ड्स, क्लोजअप, रेड लेबल चहा, सगळी त्याच घरची.

काकांना सांगितलं, तर ते हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता म्हणाले, ‘माल एका गाडीतून उतरतो, बिल एक येतं. तुला आज कळलं व्हय?’

पुढे कॉमर्सला गेल्यावर या घराण्याची वंशावळ वाचली. १८८८ मध्ये लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या. १९३७ मध्ये डालडा आला. १९५६ मध्ये इथल्या तीन कंपन्या मिळून हिंदुस्तान लीव्हर झाली आणि २००७ मध्ये आजचं नाव लागलं. मला खरी गोडी लागली ती व्हीलच्या जन्मकथेची. अहमदाबादच्या करसनभाई पटेलांच्या स्वस्त निरमाने महागड्या सर्फचं गिऱ्हाईक ओढलं, तेव्हा कंपनीने सर्फचा भाव पाडत बसण्यापेक्षा १९८०च्या दशकात खालच्या भावात व्हील उतरवली. वरची सर्फ, मधली रिन, खालची व्हील. गिऱ्हाईक रुसून गेलं तरी शेजारच्याच खोलीत जाणार! याला मी तरी लबाडी म्हणणार नाही, धंद्याची अक्कल म्हणेन.

एका मावशींना मी हे गुपित फोडलंही. ‘असू दे की,’ त्या म्हणाल्या, ‘भाऊभाऊ काय सारखे असतात व्हय?’

काकांचं गणित आणखी वेगळं. टीव्हीवर दिसणारा माल आपोआप खपायचा, पण त्यात सुटायचं थोडं. जवळपासच्या छोट्या कारखान्याचा पिवळा साबण जास्त नफा द्यायचा, म्हणून त्याच्या वड्या त्यांनी गल्ल्यालगत, गिऱ्हाइकाच्या हाताला लागतील अशा रचलेल्या असत.