हॉलचं भाडं किती?

बालाघाट

प्रिय चिमे,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. अर्धा रिक्षात आणि अर्धा लिफ्टमध्ये बोललेला दिसतोय, मधली काही वाक्यं हॉर्नने खाल्ली. पण दुखणं पोचलं. मालाडला टू बीएचके, भाडं 66,000, तुम्ही तिघी, म्हणून प्रत्येकी 22,000. मोठ्या बेडरूममधली, जिला स्वतंत्र बाथरूम आहे आणि वर गॅलरीही, ती 22,000 देणार. हॉलमध्ये पडदा ओढून, चपलांच्या रॅककडे डोकं करून झोपणारी तू, तूही 22,000 देणार. आणि तू तोंड उघडलंस तर बाईसाहेब म्हणणार, ‘इक्वल म्हणजे इक्वल.’

आईला आकडा सांगितला. तिने शांतपणे विचारलं, ‘वर्षाचा का?’ तिला महिन्याचा आहे म्हटल्यावर ती जी उठून स्वयंपाकघरात गेली, ती ‘बाप्पा, बाप्पा’ करत अजून तिथेच आहे. इथे तुझ्या वाट्याच्या किरायात अंगणासकट घर मिळेल आणि अंगणात पेरूचं झाडही. पण अंगणात नोकरी उगवत नाही, म्हणून तर आपल्या वारासिवनी-लांजीकडची निम्मी पोरं गोंदियाला जाऊन विदर्भ एक्सप्रेस धरतात. असो.

तू मला विचारलंस कारण मी गणित शिकवते. पण मला हा धडा आधी शिकवला तो नागपुरातल्या कुलरने. बी.एड.ला असताना आम्ही चौघी एका लांबट खोलीत राहायचो. किराया सारखा वाटलेला, नोव्हेंबरात कुणाची तक्रार नाही. एप्रिल उजाडला आणि खिडकीतल्या कुलरसमोरची खाट म्हणजे सोनं झालं. समोर झोपलेलीला पहाटे चादर लागायची आणि दाराजवळची रात्रभर वहीने वारा घ्यायची. भांडणं झाली, एक जण दोन दिवस बोलली नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलीने तोडगा काढला: जिला कुलरसमोरची खाट हवी, तिने टाकीत पाणी भरायचं. रोज रात्री, खालच्या नळावरून, बादल्यांनी, दोन जिने चढून. आठवड्याभरात त्या खाटेची हाव पार ओसरली. शेवटी ती खाट एकीने खुशीने घेतली, कारण तिला गरमी मुळीच सोसायची नाही आणि बादल्यांचं तिला काही वाटत नव्हतं. मला दाराजवळची खाट आली आणि मी अगदी सुखात होते. पाणी कोण भरतंय हे मी रोज बघत होते ना!

तेव्हा पहिली गोष्ट ही, की सारखं वाटलं म्हणजे न्याय झाला असं नाही. खोल्या सारख्या असतील तरच भाडं सारखं. खोल्या सारख्या नाहीत, तर भाव सारखा ठेवणं म्हणजे गॅलरीवालीला दर महिन्याला तुझ्या खिशातून बक्षीस देणं.

आता म्हणशील, मग चौरस फुटांवर वाटू. तेही मला पटत नाही. तुमचा हॉल मोजलास तर बेडरूमपेक्षा मोठाच भरेल. फुटांप्रमाणे गेलीस तर तुझंच भाडं वाढेल. त्या हॉलमधून रात्री पाणी प्यायला कोण जातं, बेल वाजली की दार कोण उघडतं, हे टेपला कळत नाही. खोलीची किंमत तिथे राहणारीच्या मनात असते, आणि तिघींच्या मनात ती तीन वेगळी असते. सगळी गंमत इथेच आहे.

आपल्याकडे भावाभावांत शेताची वाटणी कशी होते आठवतं ना? मोठ्याने वाटे पाडायचे, धाकट्याने आधी उचलायचा. तलावाच्या पाळीखालच्या बांध्या एकीकडे आणि वरची कोरडवाहू दुसरीकडे असे वाटे पाडले तर चांगला वाटा धाकटा नेणार, हे मोठ्याला ठाऊक असतं. म्हणून तो स्वतःच काटेकोर वाटे पाडतो. पटवारी नको, पंच नकोत. दोघांत हे चोख चालतं. तिघं झाले की अडतं, आणि तुम्ही नेमक्या तिघी.

म्हणून चिठ्ठ्या करा. रविवारी चहा घेऊन बसा, प्रत्येकीने एक कागद घ्यायचा आणि दुसरीला न दाखवता तिन्ही जागांची किंमत लिहायची: आपल्या मते कुठल्या जागेला किती द्यायला परवडेल. अट एकच, तिन्हींची बेरीज 66,000 आली पाहिजे. एकीला स्वस्त म्हटलं की दुसरीला महाग म्हणावंच लागतं, त्यामुळे नुसतं रडगाणं गाता येत नाही.

तुझ्या मेसेजवरून माझा अंदाज मांडते. गॅलरीवाली लिहील: मोठी खोली 32,000, छोटी 21,000, हॉल 13,000. तू लिहिशील: मोठी 30,000, छोटी 22,000, हॉल 14,000. राहिली नाशिकवाली, जी आत्ता छोट्या खोलीत आहे. ती दर शनिवार-रविवार घरी पळते, सकाळी सातला बाहेर पडते, आणि गाडीच्या हप्त्यासाठी पैसे साठवतेय. ती लिहील: मोठी 27,000, छोटी 21,000, हॉल 18,000. बघ, तू ज्या हॉलला 14,000 म्हणतेस त्याला ती 18,000 म्हणतेय, कारण तिला तिथे फक्त पाठ टेकायची आहे.

आता कुठली जागा कुणाला दिल्याने तिघींच्या आकड्यांची बेरीज सगळ्यात मोठी होते ते बघायचं आणि तसं वाटायचं. मोठी गॅलरीवालीला, छोटी तुला, हॉल नाशिकवालीला: 32,000 अधिक 22,000 अधिक 18,000, म्हणजे 72,000. द्यायचेत 66,000. वर उरले 6,000, ते प्रत्येकीला 2,000 सूट म्हणून वाटायचे. मोठ्या खोलीचं भाडं 30,000, छोटीचं 20,000, हॉलचं 16,000. प्रत्येकीला आपल्या मनातल्या भावापेक्षा दोन हजार स्वस्त पडलं!

खरी परीक्षा पुढे आहे. आता तुला विचारते, या भावांत तुला दुसरीची जागा हवी का? मोठी 30,000 ला घेतलीस तर तुझ्या हिशेबाने फायदा शून्य. छोटीत 2,000 चा आहे. हॉल तर तू 16,000 ला घेणारच नाहीस. नाशिकवालीला छोटी खोली घेतली तर हजाराचा फायदा, हॉलमध्ये दोन हजारांचा. ती कशाला हलेल? आणि गॅलरीवाली 30,000 देऊन कुरकुरली तर तिला म्हणावं, 20,000 ची छोटी खोली घे की! नाही घेणार. स्वतःच्याच अक्षरात लिहिलंय तिने. प्रत्येकीने सगळे भाव बघून ‘मला माझीच बरी’ म्हटलं, की वाटणी झाली. उरलेले पैसे सरसकट सारखे वाटून दरवेळी इतकं नीट जमेलच असं नाही. कधी शे-पाचशे इकडचे तिकडे करावे लागतात.

हे मी घरच्या घरी रचलेलं नाही हं. फ्रान्सिस सू नावाच्या अमेरिकन गणितज्ञाच्या मित्राला हाच प्रश्न पडला होता: भाड्याचं घर, लहानमोठ्या खोल्या, कुणी कुठली घ्यायची आणि किती द्यायचे. सूने त्याचं उत्तर 1999 मध्ये ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’मध्ये छापलं. त्याने आधार घेतला तो श्पेर्नर या जर्मन गणितज्ञाच्या 1928 सालच्या एका प्रमेयाचा, ज्याचा घरभाड्याशी काडीचा संबंध नव्हता. भाडं वाटायच्या जितक्या म्हणून तऱ्हा, तितके एका त्रिकोणातले बिंदू. त्या त्रिकोणाचे बारीक बारीक त्रिकोण पाडायचे, प्रत्येक टोकाशी एकेकीला विचारायचं, ‘या भावात कुठली खोली घेशील?’ श्पेर्नर छातीठोकपणे सांगतो की कुठेतरी एक चिमुकला त्रिकोण असा असतोच, ज्याच्या तीन टोकांवर तिघींनी तीन वेगळ्या खोल्या मागितलेल्या असतात. 2014 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या रीतीचं गणकयंत्रच वाचकांसाठी तयार केलं होतं. माझी चिठ्ठ्यांची रीत वेगळी, पण गोत्र तेच. एक अट दोन्हीकडे लागते: कुणाला कुठली खोली हवी हे शेजारी कोण राहणार यावर ठरता कामा नये. तुमच्यात ‘ती घोरते’ वगैरे निघालं तर सूचाही नाइलाज आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, जो तू लिफ्टमध्ये पुटपुटलीस. नाशिकवालीचा पगार तुमच्यात सगळ्यात कमी, तर भाडं पगाराप्रमाणे का नको?

चिमे, इथे गणित हात वर करतं. चिठ्ठीत मनातली किंमत येते, पण खिसा बारीक असेल तर मनालाही हळूच छोटे आकडे लिहायची सवय लागते. हॉल तिला खरंच चालतो, की परवडत नाही म्हणून चालवून घेते, हे चिठ्ठी सांगत नाही.

तुमच्याच मुंबईत याचं वेगळं उत्तर जुन्या लोकांनी देऊन ठेवलंय. धोबीतलावाला जेर महालच्या बाजूने जाशील तेव्हा वर बघ. गोव्यातल्या गावांचे क्लब आहेत तिथे, कूड म्हणतात त्यांना. जहाजावर नोकरी धरायला आलेला गोंयकार आपल्या गावच्या कुडात उतरायचा. भिंतीलगत ओळीने पेट्या, जमिनीवर पथारी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, आणि वर्गणी अगदी जुजबी. जहाजावरच्याची पेटी तिथेच राहायची आणि पथारीची जागा दुसऱ्याच्या कामी यायची. गिरणगावात लालबाग-परळला घाटावरच्या आणि कोकणातल्या गावांच्या अशाच बैठकीच्या खोल्या होत्या. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे झोपायच्याही पाळ्या. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठायचा. गावाहून आलेल्या नव्या पोराला काम लागेपर्यंत बाकीचे सांभाळून घ्यायचे, आणि काम लागलं की तो पुढच्या पोराला सांभाळायचा. 1982 च्या संपाने गिरण्यांचाच कणा मोडला, तेव्हा ही साखळीही तुटत गेली.

पण तिथे सगळे एका गावचे होते हे विसरू नकोस. पैसे बुडवून गावी तोंड कुठे दाखवणार? तुम्ही तिघी एका ब्रोकरच्या यादीतून एकत्र आलेल्या, अकरा महिन्यांनी कोण कुठे असेल कुणास ठाऊक. पगाराप्रमाणे भाडं करायचं तर दर वाढीला पगाराची स्लिप दाखवावी लागेल, आणि ते सुरू झालं की एकमेकींच्या झोमॅटोवरही नजर जाते. माझं स्पष्ट मत: भाडं खोलीप्रमाणे ठरवा. नाशिकवालीला मदत करावीशी वाटली तर तुम्ही दोघींनी ती वेगळी आणि उघड करा. उसने तर उसने, माया तर माया. सूत्रात लपवलेली माया पहिल्या भांडणात ‘उपकार’ होऊन बाहेर येते.

बाकीचं पटापट सांगते. किराणा, गॅस, वायफाय, कामवाल्या मावशींचा पगार हे डोक्यागणिक. एसी फक्त मोठ्या खोलीत असेल तर त्याला छोटा वेगळा मीटर बसवून घ्या. दीड टनाचा एसी तासाला एक-दीड युनिट सहज खातो, आणि मे महिन्याच्या बिलावर झालेली भांडणं दिवाळीपर्यंत पुरतात. डिपॉझिटही भाड्याच्याच प्रमाणात भरलेलं असावं. कुणी किती भरलं हे लिहून तिघींच्या सह्या घ्या. एखादी सोडून गेली तर तिचा हिस्सा येणारीने तिला द्यायचा, मालकाकडची रक्कम हलवायची नाही.

आणि करार बघ, आजच बघ. त्यात फक्त गॅलरीवालीचं नाव असेल तर कायद्याच्या डोळ्यांना तू तिथे पाहुणी आहेस. तिघींची नावं घालून घ्या. आपल्याकडे अकरा महिन्यांचा किरायानामा स्टॅम्पपेपरवर करून कपाटात ठेवला की झालं. महाराष्ट्रात तसं नाही. तिथल्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी. त्याने ती केली नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. हे मालकाला सौम्य आवाजात ऐकवलं की नोंदणी फार लवकर होते असं ऐकून आहे.

चिन्नोरचा तांदूळ पाठवतेय, गोंदियाहून कुणी ओळखीचं निघालं की. 2021 मध्ये त्याला जीआय मिळाल्यापासून दुकानदारांचा तोरा वाढलाय, पण शिजला की घरभर वास सुटतो तो तसाच. तो मात्र तिघींच्या किराण्याच्या हिशेबात धरू नकोस.

तुझी,
मास्तरीण

ता. क. गॅलरीवालीचा भाऊ ‘दोन दिवसांसाठी’ आला आणि महिनाभर राहिला, हे तू शेवटी हसत हसत सांगितलंस. त्यात हसण्यासारखं काही नाही. तीन रात्रींपर्यंत पाहुणा, चौथ्या रात्रीपासून डोकं: गॅस, वीज, पाणी, मावशी, सगळ्यात चौथा हिस्सा. आणि तो हॉलमध्ये झोपला असेल, तर त्या महिन्याचं तुझं भाडं गॅलरीवालीने भरावं. हे तिला तू सांगणार नाहीस, माहीत आहे मला. तिचा नंबर दे, मी सांगते.