रातथारा

पक्षी घरट्यात झोपतात, असं लहानपणी आपण सगळेच समजतो. बहुतेक पक्ष्यांसाठी घरटं ही फक्त बाळंतिणीची खोली. पिल्लं उडाली की ती ओस पडते. एरवी साळुंक्या, कावळे, पोपट, बगळे थव्यांनी येऊन एखाद्या ठरलेल्या झाडावर रात्र काढतात. त्या जागेला मराठीत नेमका शब्द आहे : रातथारा.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी कावळ्यांच्या वसतीसाठी ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीसाठी ‘सारंगागार’ हे शब्द मराठीत रुजवले. त्यांतलं ‘आगार’ संस्कृत, म्हणजे घर. थारा म्हणजे घर नव्हे. पावसात सापडलेल्याला, परागंदा झालेल्याला थारा देतात. मन थाऱ्यावर नसतं, तेव्हा त्याला टेकायला जागा सापडलेली नसते. घर आपलं असतं. थारा कुणीतरी दिलेला असतो.

आमच्या औंढा नागनाथची कथा प्रसिद्ध आहे. विसोबा खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हटकलं, तर म्हणाले, देव नसेल तिथं ठेव माझे पाय. ठेवावेत तिथं पिंड उभी राहिली. ‘ख’ म्हणजे आकाश; खेचर म्हणजे आकाशात फिरणारा, पक्षीसुद्धा. त्या नावाचे आणखीही अर्थ लावतात, पण मला हाच जवळचा वाटतो. एक खेचर पाठ टेकून निजला आणि देवानं त्याला ऊठ म्हटलं नाही.

वडील गेल्यापासून आई सहा महिने माझ्याकडे पुण्यात असते, सहा महिने औंढ्याला भावाकडे. कुणी विचारलं, “आता कुठं असता?” तर म्हणते, “राती टेकायला जागा हाय, बस.”

मागल्या वर्षी भावाच्या दारापुढचा लिंब रस्त्यात जाणार असं ठरलं. पाहणीला आलेल्या माणसानं मान वर करून सांगितलं, “एकही घरटं नाही यावर.” खरंच नव्हतं. आई म्हणाली, “बाबा, दिवस बुडताना येऊन बघ.” तो हसला.

लिंब पडला त्या संध्याकाळी साळुंक्या नेहमीच्या वेळी आल्या आणि विजेच्या तारांवर बसून अंधार पडेपर्यंत कलकलत राहिल्या. “आता कुठं जातील या?” आईनं विचारलं.

“पाखरंच ती. बघतील कुठंतरी,” भाऊ म्हणाला.

आई काही बोलली नाही. तारांकडे बघत उंबऱ्यात बसून राहिली.