बागियोची जांभळी कॉफी आणि आपलं कोनफळ

मनिलाच्या उकाड्यातून रात्रीची बस पकडा. उत्तरेकडे सुमारे अडीचशे किलोमीटर, पाच-सहा तासांचा प्रवास. शेवटच्या टप्प्यात बस घाट चढू लागते आणि पहाटे उतरल्यावर सगळ्यात आधी बॅगेतला स्वेटर शोधावा लागतो. हे बागियो. फिलिपिन्समधलं, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर उंचीवरचं, पाइनच्या झाडांचं शहर.

तुम्ही महाबळेश्वर पाहिलं असेल तर बागियोची गोष्ट लगेच कळेल. इंग्रजांनी उन्हाळ्यात मुंबई इलाख्याचा कारभार महाबळेश्वरला नेला, तसाच अमेरिकनांनी मनिलाचा कारभार इथे आणला. 1904 साली इथे फिलिपाईन कमिशनच्या बैठका भरल्या, म्हणून शहरातल्या मुख्य रस्त्याचं नाव ‘सेशन रोड’ पडलं. शहराचा आराखडा शिकागोच्या डॅनियल बर्नहॅम यांचा, आणि ज्या तळ्यात आज कुटुंबं होड्या वल्हवतात त्या बागेला नावही त्यांचंच. शेजारच्या ला त्रिनिदादमध्ये तर चक्क स्ट्रॉबेरीचे मळे!

मग इथून घरी खाऊ काय न्यायचा? फिलिपिनो लोकांत याला खास शब्द आहे, ‘पासालुबोंग’, म्हणजे प्रवासाहून येताना घरच्यांसाठी आणलेली वस्तू. लोणावळ्याहून रिकाम्या हाताने आलं तर आपल्याकडे जसे प्रश्न विचारले जातात, तसेच तिथेही. बागियोचा पासालुबोंग म्हणजे गुड शेफर्ड कॉन्व्हेंटची जांभळ्या जॅमची बरणी. हे जॅम ‘उबे’ नावाच्या कंदाचं. बरण्या भरण्याच्या कामात डोंगराळ भागातली तरुण मुलं-मुली असतात आणि विक्रीतून त्यांच्या शिक्षणाला हातभार लागतो.

या गोडाचं खरं नाव ‘उबे हलाया’. ‘हलाया’ हा शब्द स्पॅनिश ‘हालेआ’वरून, म्हणजे जेलीवरून आला. उकडून किसलेला कंद, दूध, साखर आणि लोणी एकत्र करून कढईच्या कडा सुटेपर्यंत घोटायचं. आपल्या दुधी हलव्याची फिलिपिनो मावसबहीणच म्हणा! बागियो ज्या बेंगेट प्रांतात आहे, तिथल्या डोंगरांत अरेबिका कॉफीही पिकते. एकाच भागात हलायाची बरणी आणि कॉफीच्या बिया, त्यामुळे दोघांनी एका ग्लासात यायचंच होतं. आज जगभरच्या कॅफेंमध्ये ‘उबे लाटे’ मिळते आणि तिचे जांभळे फोटो तुमच्याही फोनवर आले असतील.

रंग खरा की चव?

2021च्या सुमारास कॉन्व्हेंटला जांभळा उबे पुरेसा मिळेना. खाण्याचा रंग घालून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. शेतकऱ्यांकडे जो पांढरा उबे होता, त्याचंच जॅम बनवलं आणि पांढरं म्हणूनच विकलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण मी अगदी उलट वागले होते.

मी वडोदऱ्याला राहते. उबे लाटेचे फोटो पाहून मी ऑनलाइन उबे इसेन्सची बाटली मागवली आणि रविवारी चौघांसाठी कॉफी केली. रंग असा झगझगीत, की फोटोला फिल्टर लागला नाही. चव मात्र खोकल्याच्या औषधासारखी. बाबांनी दोन घोट घेतले आणि गुपचूप चहा टाकला. आजीने विचारलं, “हे कशाचं गं?” मी मोबाइलवर कंदाचा फोटो दाखवला. ती म्हणाली, “अगं, हे तर कोनफळ! उपासाला आणतो ते.”

आजीचं बरोबर होतं. उबे म्हणजे ‘डायोस्कोरिया अलाटा’, आणि आपलं कोनफळही तेच. बाटलीसाठी मी तीनशे रुपये मोजले होते आणि खरी वस्तू कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे होती.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर नावाचा घोळ लक्षात ठेवा. गुजरातमध्ये उंधियूत पडणाऱ्या या कंदाला ‘रताळू’ म्हणतात. आपलं रताळं वेगळं, ते तिथे ‘शक्करिया’. केरळमध्ये ‘काचिल’ मागा. थंडीत कोनफळ सगळीकडे चांगलं मिळतं. घेताना एक टोक कापून आतला रंग बघून घ्या.

घरी करून पाहा

हलायासाठी: पाव किलो कोनफळ, 1 वाटी नारळाचं दाट दूध, अर्धी वाटी कंडेन्स्ड मिल्क, 1 चमचा लोणी, चिमूटभर मीठ.

कोनफळ धुऊन सालासकट मोठ्या फोडी करा. कच्च्या कंदाने हाताला खाज येते, म्हणून आधी हातांना तेल लावा. कुकरमध्ये 3-4 शिट्ट्या करून मऊ शिजवा. सोलून गरम असतानाच बारीक किसा, गुठळी राहू देऊ नका. जाड बुडाच्या कढईत लोणी वितळवून कीस, नारळाचं दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि मीठ घाला. मंद आचेवर 20-25 मिनिटं सतत हलवत राहा. आच मोठी केलीत तर नारळाचं दूध फुटेल आणि तळाला लागेल. गोळा कडा सोडू लागला की उतरवा. फ्रिजमध्ये हा हलाया 4-5 दिवस टिकतो.

एका ग्लाससाठी: 2 मोठे चमचे हलाया, पाऊण कप गार दूध, बर्फ, पाव कप कडक कॉफी.

हलाया आणि दूध मिक्सरमधून फिरवून ग्लासात ओता. वर भरपूर बर्फ घाला. आता कॉफी चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडा. खालचं दूध साखरेमुळे जड असतं, म्हणून कॉफी वर तरंगते आणि दोन थर दिसतात. दक्षिण भारतात राहणाऱ्यांनी फिल्टरचं डिकॉक्शन वापरावं, पण चिकोरी कमी असलेलं, नाहीतर कंदाची नाजूक चव दबते. इन्स्टंट कॉफी असेल तर 2 चमचे पाव कप गरम पाण्यात विरघळवून गार करा. लहान मुलांसाठी कॉफी वगळा. नुसतं जांभळं दूधही छान लागतं.

रंग फोटोसारखा येणार नाही, हे आधीच सांगते. कोनफळाचा रंग अँथोसायनिनमुळे येतो. त्यात लिंबू पडलं तर तो गुलाबीकडे झुकतो, सोडा पडला तर निळसर-हिरवट होतो. तुमचा ग्लास फिकट, मातकट जांभळा दिसेल. चव व्हॅनिला, नारळ आणि भाजक्या सुक्या मेव्याच्या मधली कुठलीतरी लागेल.

फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर उबेला फार मान आहे. कंद हातातून जमिनीवर पडला तर तिथली माणसं तो उचलून त्याचं चुंबन घेतात आणि माफी मागतात. मी हे आजीला वाचून दाखवलं, तेव्हा ती कोनफळ सोलत होती. हसली नाही. थोड्या वेळाने एक फोड तिच्या हातून निसटून फरशीवर पडली. तिने ती उचलली, कपाळाला लावली आणि नळाखाली धुवायला धरली.

त्या रविवारी बाबांनी चहा टाकला नाही.