बाथरूमसकट भंडारदरा

गेल्या वर्षी मी एक लेख लिहिला. विषय होता मोकळ्या हवेत राहण्याचे फायदे. त्यात २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा दाखला होता. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून संशोधकांना असं दिसलं होतं, की आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक ‘आपली तब्येत चांगली आहे, आपण मजेत आहोत’ असं इतरांपेक्षा जास्त सांगतात. मग ते दोन तास सलग असोत नाहीतर तुकड्या-तुकड्यानं. लेख झकास झाला. तो लिहायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत मी एकदाच घराबाहेर पडले. दूध आणायला!

हसू नका. तुमचंही काही वेगळं नाहीये. एसीतून कॅबमध्ये, कॅबमधून एसीत. वीकेंडला फार तर मॉल.

पण मी निदान ठरवून तरी बाहेर पडू शकते. खरा प्रश्न आईचा होता. ‘चल गं, महाबळेश्वरला जाऊ’ म्हटलं की तिचे गुडघे दुखायला लागायचे. ‘कोकणात जाऊ’ म्हटलं की घरी कुणीतरी पाहुणे येणार असायचे. आम्हाला वाटायचं, तिला घरच आवडतं. मग दोन वर्षांपूर्वी एका लग्नाहून कोल्हापूरहून परतताना माझं लक्ष गेलं. सकाळपासून बाईनं पाण्याचा घोट घेतला नव्हता. मांडवात सरबताचा ग्लाससुद्धा नुसता हातात धरून ठेवलेला. का, तर वाटेत कुठे जायचं? ढाब्यावरच्या ‘लेडीज’चं दार उघडून, नाकाला पदर लावून परत येणारी आई मी लहानपणापासून पाहत आले होते. पण ती त्यासाठी आदल्या रात्रीपासून तहान मारते, हे माझ्या मास कम्युनिकेशनच्या डिग्रीला कधी कळलं नव्हतं.

म्हणून कॅराव्हॅन. फंडा सोपा होता. आई बाथरूम सोडून येत नाही ना, मग बाथरूमच बरोबर घ्यायचं.

परदेशी सिनेमांत गाडीमागे जोडलेला पांढरा ट्रेलर दिसतो ना, तसे ओढत न्यायचे ट्रेलर आपल्याकडे क्वचितच दिसतात. आणि घाटातल्या वळणावर समोरून एसटी आली तर तो रिव्हर्स कोण घेणार, हा प्रश्न आहेच. आपल्याकडे भाड्यानं मिळते ती बहुतेक मिनीबससारखी गाडी. आत बेड, छोटा ओटा, फ्रिज आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढं बाथरूम. महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे जरा कानावर पडायला लागला. स्वस्त प्रकरण नाही. दोन रात्रींच्या भाड्यात माझ्या तीन लेखांचं मानधन गेलं, उरलेले पैसे मावशीनं घातले. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिच्याशिवाय आई आलीच नसती.

डिसेंबरातला शुक्रवार. चाकणचं ट्रॅफिक पार करून नारायणगाव, आळेफाटा, मग संगमनेरहून अकोले, राजूर. आईनं गाडीत बसल्याबसल्या पहिलं काय केलं असेल? मागे जाऊन बाथरूमच्या दाराची कडी लावून बघितली. आतून. दोनदा. मग म्हणाली, ‘‘बरी आहे.’’ आळेफाट्याला तिनं स्वतःहून चहा मागितला आणि संगमनेरच्या अलीकडे दुसरा. मी खिडकीबाहेर बघत बसले. उगाच काही बोलले असते तर रडले असते.

भंडारदऱ्याला धरणाच्या भिंतीपाशी संध्याकाळ झाली. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६मध्ये पूर्ण झालं, म्हणजे शंभरी गाठलेलं. त्यामागचा पसरलेला आर्थर लेक, पलीकडे रतनगडाची रांग. आमचा मुक्काम शेंडीजवळ एका शेतकऱ्याच्या मोकळ्या वावरात होता. अगदी पाण्याकाठी उतरायचा माझा प्लॅन होता, पण वाटेत विजेची तार इतकी खाली लोंबत होती की ड्रायव्हरदादांनी हातच जोडले. शिवाय गाडी उभी करायची म्हणजे नुसती चावी काढायची नसते. जमीन सपाट नसेल तर झोपल्यावर सगळं रक्त डोक्याकडे येतं. मग चाकांखाली चपटे दगड सरकवायचे, आत जाऊन ओट्यावर पाण्याची वाटी ठेवून बघायचं, पुन्हा बाहेर. हे अर्धा तास चाललं. मावशी लांबून ‘‘थोडं डावीकडे’’ म्हणत होती. कुणाच्या डावीकडे, ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

शेतकऱ्याच्या घरून पिठलं-भाकरी आली. तरी आईनं ओट्यावर भात लावलाच, आणि इथेच घोळ झाला. टाकी होती शंभर लिटरची. घरी आपण किती पाणी वापरतो याचा हिशेब कुणी ठेवतो का? तांदूळ तीनदा धुणं, नळ सोडून ताटं घासणं, मावशीची गरम पाण्याची आंघोळ... रात्री नऊला नळानं खर्र आवाज केला आणि संपला. म्हणजे फ्लशही संपला.

आई काही बोलली नाही. हातातला दुधाचा कप तिनं न पिता खाली ठेवला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. ड्रायव्हरदादा आणि शेतकऱ्याचा मुलगा कॅन घेऊन पाणी आणायला गेले. आम्ही तिघी बाहेर खुर्च्या टाकून, शाली गुंडाळून बसलो. थंडी अशी की दात वाजत होते. शांतता भरून काढायला मी म्हटलं, ‘‘बघ ना आई, काय चांदणं आहे! कॅम्पिंगची मजा हीच.’’

‘‘कॅम्पिंग?’’ आई म्हणाली. ‘‘पंधरा वर्षं केलंय मी.’’

मावशी फिसकन हसली.

आईचं माहेर माणदेशातलं. तिथे घरात संडास नव्हता, हे मला माहीत होतं. म्हणजे जनरल नॉलेजसारखं माहीत होतं. त्या रात्री पहिल्यांदा दोघी बहिणी त्याबद्दल बोलल्या. अंधार पडला की चार-पाच जणी टमरेल घेऊन रस्त्याकडेला जायच्या. एसटीचे दिवे दिसले की सगळ्यांनी झटकन उठून उभं राहायचं. गाडी गेली की पुन्हा बसायचं. पुन्हा दिवे, पुन्हा उभं. ‘‘अक्का एकदा सात वेळा उठली होती,’’ मावशी म्हणाली. दिवसा पोटात कळ आली तर अंधाराची वाट बघायची. म्हणून पाणीच कमी प्यायचं.

‘‘पण चांदण्या तिथेच शिकले,’’ आई म्हणाली. तिनं शालीतून हात बाहेर काढला. ‘‘तो मृग. त्या ओळीतल्या तीन, तो बाण. आणि खाली तो लखलखतोय ना, तो व्याध. आमची आजी दाखवायची. पोरी घाबरू नयेत म्हणून.’’

मी आत्तापर्यंत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ हा शब्दप्रयोग किमान वीस लेखांत केला असेल. लग्न होऊन शहरात आल्यावर आईला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते आतून लागणारी कडी असलेलं एक दार. आणि मी तिला वर्षानुवर्षं ‘जरा बाहेर पड’ म्हणून लेक्चर देत होते!

पाणी आलं. कॅन उचलून टाकीत ओतताना माझी पाठ मोडली. आई आत जाऊन आली आणि तो गार झालेला कप तिनं पुन्हा गरम करून घेतला.

दुसऱ्या दिवशी रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ पाहिलं. तिसऱ्या दिवशी परतीचा प्रवास. बाथरूमच्या मैल्याची टाकी दिसेल तिथे रिकामी करायची नाही, यावर ड्रायव्हरदादा ठाम होते. ती भरलेलीच आम्ही पुण्यापर्यंत आणली. ग्लॅमरस म्हणतात ते हेच बहुतेक.

आता महिन्यातून एखादा तरी रविवार आम्ही बाहेर असतो. दर वेळी कॅराव्हॅन परवडत नाही. बहुतेकदा रिक्षानं पायथ्यापर्यंत आणि तळजाईच्या टेकडीवर तासभर. आधी मी एकटी जाऊन स्वच्छतागृह बघून येते. चालत असेल तरच आईला फोन करते. माझा हा नवा बीट!

परवा आईनं विचारलं, ‘‘त्या गाडीवाल्याचा नंबर आहे ना गं? भंडारदऱ्याला काजवे मेअखेरीला दिसतात म्हणे.’’

मी नंबर शोधायला लागले.

‘‘आणि टाकी किती लिटरची आहे ते आधी विचार.’’