यॉकच्या काठाने

कनेल्सव्हिल सोडलं की गावाचा गोंगाट लगेच मागे पडतो. पिट्सबर्गच्या पोलादभट्ट्यांना लागणारा कोक एकेकाळी याच परिसरातून जायचा. आता डावीकडे खाली यॉकिओगेनी नदी, उजवीकडे डोंगर आणि मधून चुनखडीच्या बारीक खडीची वाट. ऑक्टोबर असल्यामुळे मेपल लालभडक झाले होते. ओल्या पानांवरून टायर जाताना चर्रचर्र आवाज यायचा. पोटऱ्यांवर पांढरा चिखल उडत होता.

ही वाट म्हणजे मुळात रेल्वेची लाइन. वेस्टर्न मेरिलँड रेल्वेने १९१२ मध्ये ती सुरू केली आणि १९७५ मध्ये ती बंद पडली. रूळ गेले, भराव, फोडलेले कातळ आणि पूल राहिले. बऱ्याच अंशी त्यांच्याच आधाराने पिट्सबर्ग ते कंबरलँड ही २४० किलोमीटरची 'ग्रेट अ‍ॅलेघेनी पॅसेज' सायकलवाट उभी राहिली. ती पूर्ण व्हायला २०१३ उजाडलं.

आम्ही प्रवाहाच्या उलट, म्हणजे चढाकडेच निघालो होतो. पण चढ डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांनाच काय तो कळतो. लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी, त्यामुळे कोळशाने लादलेली गाडी खड्या चढावर जागीच घसरली असती. म्हणून रेल्वेच्या इंजिनियरांनी डोंगर कापला, दऱ्या भरल्या, पण चढ वाढू दिला नाही. त्यांच्या त्या कष्टांचं फळ आज सत्तरीच्या आजींनाही मिळतं. अशा एक आजी घंटी वाजवत, "ऑन युअर लेफ्ट!" म्हणत आमच्या पुढे निघून गेल्या. बंद पडलेली रेल्वे तुकड्या-तुकड्यांनी विकून टाकणं सोपं असतं. ती अखंड राखली, याचं मला मोठं मोल वाटतं.

पलीकडच्या काठाने मात्र मालगाड्या अजून धावतात. एक आली तेव्हा डबे संपेपर्यंत आम्ही थांबून बघत राहिलो. खाली पाण्यात राफ्टवाले ओरडत होते.

ओहायोपाइलला नदी मोठा वळसा घेते. वाट तो वळसा टाळून दोन पुलांवरून सरळ जाते. पहिल्या उंच पुलावर वारा असा झोंबतो, की हँडल घट्ट धरावं लागतं. दुसरा पूल ओलांडला की गाव लागतं आणि धबधब्याचा आवाज येतो. १७५४ मध्ये तरुण जॉर्ज वॉशिंग्टन जलमार्ग शोधत इथवर आला होता. या धबधब्यापाशी त्याला माघारी फिरावं लागलं.

आम्ही सँडविच खाल्लं, बाटल्या भरून घेतल्या आणि पुढच्या कॉन्फ्लुअन्स गावाकडे निघालो. १९८६ मध्ये सायकलींसाठी सगळ्यात आधी खुला झालेला तुकडा हाच, त्यामुळे तो सोडून परतायचा प्रश्नच नव्हता.