काटे आणि कान

मोटारीत चालकासमोर जी फळी असते तिला डॅशबोर्ड म्हणतात, हे आता लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु या नावाचा जन्म मोटारीत नसून घोडागाडीत झाला, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढे लाकडाचा किंवा चामड्याचा एक आडोसा लावीत. तोच मूळचा डॅशबोर्ड. पुढे घोडा गेला, इंजिन आले, चिखल उडविणारे समोर कोणी उरले नाही. पण फळी मात्र राहिली. मग तिच्यावर वेगाचा काटा आला, तेलाचा आला, पेट्रोलचा आला. आणि बाहेरचा चिखल अडविणारी फळी आतल्या यंत्राची बातमी सांगू लागली. ही बातमी माणसास किती हवी असते आणि ती मिळविण्यासाठी त्याने जुन्या वस्तूस किती हात लावावा, हा प्रश्न आमच्या घरी गेल्या वर्षी उपस्थित झाला, त्याची ही हकीकत.

आमची गाडी मॉरिस मायनर १०००. अ‍ॅलेक इसिगोनिस या कल्पक अभियंत्याची ही रचना १९४८ साली लंडनच्या मोटारप्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली आणि पुढे दहा लाखांचा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश मोटार ठरली. तिच्या फळीचा साधेपणा पाहून आजच्या मोटारींची सवय झालेला मनुष्य चकित होतो. मध्यावर एकच मोठी वाटोळी तबकडी. तिच्यात वेग, मैलांचा हिशेब आणि पेट्रोल, एवढेच. दोन्ही बाजूंस सामान ठेवण्याचे दोन कप्पे. इंजिन किती तापले आहे हे सांगणारा काटा नाही, तेलाचा दाब सांगणाराही नाही. दाब अगदीच खाली गेला म्हणजे एक दिवा लागतो, आणि डायनामोने काम सोडले म्हणजे दुसरा.

आमच्या वडिलांनी ही गाडी १९६८ साली दुसऱ्याच्या हातची घेतली व पुढे सुमारे तीस वर्षे चालविली. त्यांना काट्यांची उणीव कधी भासली नाही, कारण त्यांचे काटे त्यांच्या कानांत होते. चढावर इंजिनाचा स्वर जरा जड झाला की ते गाडी सावलीस उभी करीत, बॉनेटवर तळहात ठेवीत आणि मग पाणी पाजावयाचे की पुढे निघावयाचे ते ठरवीत. घरी एक लांबट वही होती. तिच्यात प्रत्येक प्रवासाचे मैल, पेट्रोल, ओतलेले तेल, सारे त्यांच्या रेखीव देवनागरी अंकांत लिहिलेले असे. ती वही हाच त्या गाडीचा खरा डॅशबोर्ड होता असे म्हटले तरी चालेल.

वडील गेले, गाडी राहिली, कान मात्र त्यांच्याबरोबर गेले. आमच्या पिढीचे कान बंद काचांच्या आणि न कुरकुरणाऱ्या इंजिनांच्या सवयीचे. शिवाय पुण्यातील आजची रहदारी! ज्या चौकातून वडील एका दमात जात तेथे आता दहा मिनिटे उभे राहावे लागते. गाडी उभी असली की पंख्याच्या वाऱ्यावाचून रेडिएटरला दुसरा आधार नसतो. इशाऱ्याच्या दिव्यावर विसंबावे, तर दिव्याचा स्वभावच असा की तो अरिष्ट दाराशी येईपर्यंत तोंड उघडीत नाही. काट्याचे तसे नाही. तो थोडा सरकतो, परत येतो, पुन्हा सरकतो. काय होणार आहे याची चाहूल देतो. दिवा म्हणजे तार, काटा म्हणजे नियमाने येणारे पत्र. म्हणून तेलाचा दाब, पाण्याची उष्णता आणि विजेचा दाब सांगणाऱ्या तीन तबकड्या गाडीत बसवाव्या, असे आमच्या मनाने घेतले.

आमचे वडील बंधू, दादा, यांना ही कल्पना मुळीच मानवली नाही. ते म्हणाले, “बाबांनी या गाडीला तीस वर्षांत ओरखडा येऊ दिला नाही, आणि तू तिच्या पत्र्याला भोके पाडणार? मग ती बाबांची गाडी कशी राहील?” आम्ही म्हणालो, “इंजिन जळाले तर तरी ती बाबांची कशी राहील?” यावर दादा काही बोलले नाहीत, पण पंधरा दिवस त्यांनी गाडीची किल्ली आपल्याच कपाटात ठेवली. दोघांचे म्हणणे एकाच मायेतून निघाले होते, म्हणूनच तडजोड अवघड होती. जपून ठेवावयाची म्हणजे चालवावयाची नाही, असे दादांसही म्हणवत नव्हते. आणि चालवावयाची म्हणून वाटेल ते कापावयाचे, हे आम्हांसही पटत नव्हते.

वाट दाखविली ती गाडीनेच. आमच्या गाडीत चालकासमोरच्या कप्प्यास झाकण नाही; सुकाणूच्या मागे तो नुसता उघडा कोनाडा आहे. त्या कोनाड्याच्या मापाची सागवानी फळी करून तीत तबकड्या बसवावयाच्या आणि ती आतून अटकविलेल्या पट्ट्यांवर नुसती घट्ट बसवावयाची, असे ठरले. मूळ पत्र्यास एकही भोक नाही. नकोशी झाली तर फळी पाच मिनिटांत बाहेर. तारा व नळ्या इंजिनाकडे नेण्यासाठी मूळच्याच एका छिद्रातून वाट काढली. पत्र्याची धार त्यांस कापू नये म्हणून त्यात नवी रबरी कडी घातली. हे ऐकल्यावर किल्ली कपाटाबाहेर आली.

आता तबकड्यांची निवड. तेलाच्या दाबाचा काटा आम्ही विजेचा न घेता यंत्राचा घेतला. त्याचे मर्म १८४९ साली युजीन बूर्दाँ या फ्रेंच कारागिराने पेटंट घेतलेल्या नळीत आहे. चपटी करून वाकविलेली धातूची नळी आत दाब भरला की सरळ होऊ पाहते, जत्रेतील कागदी पिपाणी फुंकताच उलगडते तशी. तिच्या टोकाशी काटा जोडला की काम झाले. उष्णतेच्या तबकडीतही हीच नळी. मात्र तिचा दाब इंजिनाच्या डोक्यात बसविलेल्या बंद कुपीतील द्रवाच्या वाफेचा. या दोहोंस वीज लागत नाही, ही मोठी सोय; कारण जुन्या मॉरिसमध्ये बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असते, आजच्या मोटारींच्या अगदी उलट. तिसरी तबकडी व्होल्टमीटरची. तिच्या तारा तेवढ्या उलट जोडून, मध्ये फ्यूज घालून दिल्या. अँपिअर मोजणारा जुन्या पद्धतीचा काटा घेतला असता, तर गाडीची बहुतेक वीज जाड तारेने फळीपर्यंत आणून परत न्यावी लागली असती. सत्तर वर्षांच्या तारांवर तो भार नको वाटला.

काटे बसले म्हणजे ते खरे बोलतीलच असे नाही. आम्ही तबकड्यांवरील छापील अंक काढून टाकले व कोऱ्या चेहऱ्यांवर खुणा स्वतः करावयाचे ठरविले. उष्णतेची परीक्षा स्वयंपाकघरात झाली. पातेल्यात पाणी, त्यात प्रयोगशाळेतील थर्मामीटर आणि शेजारी काट्याची कुपी. ४०, ६०, ८० अशा खुणा होत गेल्या. पाणी खळखळू लागले तेव्हा थर्मामीटरने ९८ दाखविले, आणि आमच्या मंडळींनी तो बिघडल्याचा निकाल दिला! परंतु पुणे समुद्रसपाटीहून सुमारे ५६० मीटर उंच. येथे हवेचा दाब कमी, म्हणून उघडे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. तेलाच्या काट्याची परीक्षा टायरच्या दुकानातील हवेच्या पंपावर, त्याच्या मोठ्या मापकाशी ताडून घेतली.

खुणा झाल्या, अंक कोणते घालावे? येथे दादा प्रथमच आपण होऊन पुढे आले. त्यांनी वडिलांची वही काढली, तिच्यातून शून्यापासून नवापर्यंतचे अंक निवडले, ट्रेसिंग कागदावर उतरविले आणि नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून तबकड्यांवर छापून आणले. आमचे म्हातारे मिस्त्री फळी बसविताना ते अंक निरखीत म्हणाले, “साहेब, काम झाक झालंय. पण गाडी काटा बघून चालवायची, का रस्ता बघून?” प्रश्न थट्टेचा होता, पण खोटा नव्हता. पहिले काही दिवस आमची नजर खरोखरच रस्त्यापेक्षा काट्यांवर अधिक असे. ज्ञान आले की प्रथम धास्ती येते. शहाणपण मागाहून येते.

मे महिन्यात दादांना घेऊन पाचगणीस निघालो. वाई सोडून पसरणीचा घाट अर्धा चढलो असू, तोच दादा म्हणाले, “काहीतरी चिवचिवते आहे.” आम्हांस तो दाराचा आवाज वाटला असता; पण फळीकडे पाहिले तर व्होल्टचा काटा १४ वरून १२ च्या जवळ उतरलेला, आणि उष्णतेचा ८४ वरून ९३ वर चढलेला. भर उन्हात डायनामोचा मंद दिवा दिसतही नव्हता. एकच काटा हलता तर कदाचित घाट तापला आहे म्हणून आम्ही पुढे गेलो असतो. दोन एकदम हलले, आणि वर दादांचा कान. या इंजिनात डायनामो आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. गाडी कडेस घेतली, बॉनेट उघडले, पट्टा सैल होऊन घसरत होता. इंजिन निवू दिले, डायनामो बाहेर रेटून पट्टा ताणला, बोल्ट आवळले आणि निघालो. आणखी दोन वळणे तसेच गेलो असतो, तर वडिलांच्या इंजिनाचे डोके वाकण्याची वेळ आली असती.

जुन्या माणसांचे कान आपणांस वारशाने मिळत नाहीत, आणि काटे बसविल्याने त्यांची जागा सर्वस्वी भरूनही निघत नाही. पण काट्याने कानास साक्ष दिली आणि कानाने काट्याकडे लक्ष वेधले, म्हणजे दोन अपुऱ्या गोष्टींचे मिळून काम भागते. पाचगणीस पोहोचल्यावर दादांनी वही मागितली. मैल आणि पेट्रोल यांच्या रकान्यांपुढे त्यांनी पट्टीने दोन नव्या रेघा ओढल्या आणि वर लिहिले: ‘उष्णता’, ‘दाब’.