पांढरी गादी

सुरतेच्या साडीच्या दुकानात सगळ्यांत मोठं कोण, असं विचारलं तर लोक गल्ल्यावरच्या शेठकडे बोट दाखवतात. पण शेठ बदलतात. बापाच्या जागी मुलगा येतो, भागीदारी फुटते, दुकानाची पाटी उतरते. गादी आपली तिथेच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलेली, कापसाने गच्च भरलेली, वर पांढरी चादर ताणून कडांना खाली खोचलेली. भिंतीला दोन-तीन लोड टेकवलेले असतात, ती तिची बिनकामाची भावंडं. शेठ आणि नवरदेवाचे मामा सोडले तर लोडाला टेकायची हिंमत कुणी करत नाही.

गादी शिस्तीची आहे. चपला बाहेर काढल्याशिवाय ती कुणाला वर घेत नाही. पायांत चामड्याचे बूट असोत की रबरी स्लीपर, दोन्ही पायरीशीच राहतात. आता ही समता किती खरी, ते सांगणं अवघड आहे, कारण काढलेल्या चपलेकडे सेल्समनची नजर जाऊन आलेली असतेच. तरीही एकदा वर बसलं की गिऱ्हाईक आणि विकणारा एका उंचीवर येतात. मधे काच नाही, काउंटर नाही. गुडघ्याला गुडघा.

तिच्या पांढरेपणाला कारण आहे. पांढऱ्यावर रंग खोटं बोलू शकत नाही. रंगीत सतरंजीवर टाकलेला राणी रंग वेगळा आणि गादीवर टाकलेला वेगळा. शिवाय वरच्या ट्यूबलाइटचा उजेड ती खालून परत वर फेकते, त्यामुळे काठ उठून दिसतो. म्हणजे हा पांढरेपणा प्रामाणिकही आहे आणि धूर्तही. सकाळी दुकान उघडलं की आधी हिची चादर झटकली जाते, मग अगरबत्ती, मग बोहणी. डोळ्यांना काजळ घातलेलं पोर गादीवर आणून बसवलं तर ती एकदम अंग चोरते, एवढंच तिचं वैर.

आपल्या खानदेशाचं आणि या गादीचं नातं जुनं आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडे लग्न ठरलं की बस्ता फाडायला सुरत, हे अर्ध्या घरांत न विचारताच ठरलेलं असतं. पुण्याला कोण जाणार एवढ्या लांब? सुरत-भुसावळ गाडी आहे, जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग आहे. नवापूर स्टेशनावर तर दोन राज्यांची हद्द फलाटावरून जाते. एका बाकड्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये, त्यावर बसून बस्त्याला निघालेली माणसं भाकरी सोडतात. तापीही त्याच दिशेने जाते. आमच्याकडून वाहत जाते आणि सुरतेला समुद्राआधीचा शेवटचा वळसा घेते. माणसंही तशीच गेली. यंत्रमागावर, डाइंगच्या मिलांत, मार्केटांत कामाला गेलेल्या खानदेशी घरांनी लिंबायत, उधना, डिंडोली भरून गेले आहेत. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्याही शाळा चालवते, ती काही उगीच नाही.

म्हणून रिंग रोडच्या मार्केटात किंवा बॉम्बे मार्केटमध्ये एखाद्या गादीवर चढलं की समोरून अहिराणीत आवाज येतो, "या मामी, बठा. तुम्हनं गाव कोनतं?"

इथून पुढे व्यवहार सुरू होतो आणि त्याला व्यवहार म्हणायची मात्र सोय राहत नाही. गाव सांगितलं की गावाशेजारचं गाव निघतं, त्या गावातली कुणाची तरी आत्या निघते, आत्याच्या मुलीचा बस्ता याच गादीवर झालेला निघतो. सेल्समनची स्मरणशक्ती हे गादीचं खरं भांडवल आहे. कोणत्या घरात कोणत्या साली कोणत्या रंगाचा शालू गेला, वरमाय कशावर रुसली होती, मानाच्या साड्या किती कमी पडल्या होत्या, सगळं त्याच्या डोक्यात. शेठच्या वहीत यातलं काही नसतं. त्यामुळे असा माणूस एक दुकान सोडून समोरच्या दुकानात गेला की घरंही त्याच्यामागे जातात, आणि जुनी गादी काही दिवस रिकामी रिकामी दिसते. खानदेशातल्या कितीतरी फोनांत हा नंबर 'बस्तावाले भाऊ' किंवा नुसताच 'सुरत साडी' या नावाने असतो. आडनाव कुणालाच ठाऊक नसतं.

बस्त्याला दोन्ही पक्ष एका गादीवर बसतात तेव्हा तिची परीक्षा असते. एका बाजूला मुलीची आई, मामी, मावशी. दुसऱ्या बाजूला वरमाय आणि तिची नणंद. मधे साड्यांचा ढीग. कोण कुठे बसलं यावरून भाऊ ओळखतो की निर्णय कुणाचा आहे. नवरीचा तर नसतोच. बहुधा कोपऱ्यात गप्प बसलेल्या आत्याचा असतो. म्हणून चौथी-पाचवी साडी तो वरमायला दाखवतो आणि बघतो मात्र आत्याच्या चेहऱ्याकडे. मग शालू काढायची वेळ आली की हा मिशीवाला गृहस्थ स्वतःच्या शर्टावरून पदर घेतो, खांद्यावर निऱ्या धरतो आणि अगदी लाजल्यासारखी मान वळवतो. बायका हसतात. हसलं की गाठ सैल होते, आणि भाऊ तेवढ्यात दोन पेट्या अजून फोडतो.

गादी भोळी आहे असं मात्र समजू नका. तिच्यावर बसणं सोपं आणि उठणं अवघड, ही तिची खरी कला. मांडी घातलेली, मांडीवर तीन साड्या, पुढ्यात तीस, हातात चहाची कपबशी. अशा अवस्थेत "बरं, जरा दुसरीकडे बघून येतो" म्हणायला जे धैर्य लागतं ते सगळ्यांजवळ नसतं. चहा नेमका कधी येतो ते पाहा. भाव विचारायच्या आधी येतो. पाच-साडेपाच मीटरची साडी हवेत फेकून सरकन उलगडायची, ही नुसती हौस नाही. समोर मोडलेल्या घड्या साचत जातात तसं गिऱ्हाइकाच्या मनावर ओझं वाढत जातं. एवढं दाखवलं बिचाऱ्याने, आता काहीच न घेता कसं उठायचं? पहिली पाच-सहा वर्षं मीही यालाच आपुलकी समजत होतो असं सांगितलं तर छान वाटेल, पण खरं नाही. आमच्या घरच्या बायकांना ही चाल पहिल्यापासून माहीत होती. त्या एकीला मुद्दाम उभी ठेवत.

मग या ओळखीतून मिळतं काय? भाव कमी होतो असा लोकांचा समज आहे. फारसा होत नाही. अनोळखी माणूसही जीव तोडून घासाघीस करेल तर त्याच आकड्यावर येतो. ओळखीने मिळते ती वेगळीच गोष्ट, आणि ती समजायला जरीकडे वळावं लागतं.

सुरतेची जरी ही जुनी कसबाची गोष्ट. अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि तिला सोन्याचं पाणी असतं. त्याखालच्या प्रतीत चांदीच्या जागी तांबं येतं. तिसऱ्या प्रतीत धातूच गेलेला, चमकणारी प्लास्टिकची पट्टी उरलेली. दुकानाच्या दिव्याखाली तिघी सारख्याच झळकतात. नवख्या नजरेला फरक कळत नाही, आणि नवखा माणूस तिसरीला पहिलीच्या आसपासचे पैसे देऊन बसू शकतो. अशा वेळी मामीने हातात धरलेल्या साडीकडे बघून भाऊ हळूच म्हणतो, "मामी, हाई ऱ्हाऊ द्या."

एवढंच. हे चार शब्द ओळखीची कमाई. तो ते अहिराणीत म्हणतो, कारण शेठ मारवाडी किंवा सिंधी किंवा गुजराती असतो आणि गल्ल्यावर बसून हिशेब करत असतो. आता गंमत अशी की वीस-तीस वर्षं खानदेशी गिऱ्हाईक करून शेठलाही अहिराणी चांगली कळते. त्याला ऐकू गेलेलं असतं. तो मान वर करत नाही. एक साडी गेली तरी धाकट्या मुलीचा बस्ता इथेच येणार, हे गणित त्याला भाऊपेक्षा जास्त चांगलं येतं. गादीवर बोललेली गुपितं अशी तिघांनाही माहीत असतात.

ओळखीची खरेदी परदेशातही चालते. पॅरिसच्या एर्मेस कंपनीची बर्किन नावाची पर्स आहे, १९८४ पासूनची. ती दुकानात मांडलेली सहसा दिसत नाही. विक्रेत्याशी संबंध वाढवायचे, आपली आवडनिवड त्याला कळू द्यायची, मग एखाद्या दिवशी तो आतून पेटी आणतो, अशी जगभरच्या श्रीमंत गिऱ्हाइकांत समजूत आहे. पर्स हवी तर आधी कंपनीचे बूट, रुमाल, दागिने घ्यावे लागतात, असा आरोप करून २०२४ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियात काही ग्राहक कोर्टातही गेले. कंपनीने आरोप नाकारला. तिकडे ओळखीने विकत घेण्याची परवानगी मिळते. आमच्या गादीवर ओळखीने विकत न घेण्याची मिळते. दोन्हीकडे 'आतला माल' आहेच, सुरतेचा भाऊही खास पेटी आतूनच आणतो. पण मला विचाराल तर गादीचा सौदा जास्त शहाणपणाचा.

हे शहर ओळखीवर फार आधीपासून चाललं आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची कंपनी इथे धंदा करायची ती वीरजी व्होरांसारख्या सावकारांकडून कर्ज काढून आणि दलालांच्या मध्यस्थीने. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा व्होरांची हवेली सुटली नाही. पण फ्रेंच प्रवासी बर्नियरने एक गोष्ट लिहून ठेवली आहे: डचांचा एक दलाल आधीच वारला होता, जिवंतपणी तो फार दानशूर होता असं कळल्यावर त्याच्या घराला हात लावला गेला नाही. मेलेल्या दलालाच्या नावाने घर वाचलं. लुटीचा विनोद मात्र गादीवर रोज होतो. "तुम्ही आम्हाला दोनदा लुटलं, मामी, आता आमची पाळी," असं भाऊ म्हणतो. हा भाऊ शिरपूरचा किंवा अमळनेरचा, तोही लुटणाऱ्यांतलाच. पण गल्ल्याकडून खाणाखुणा झाल्या की म्हणावं लागतं.

काचेच्या इमारतींनी गादी हटत नाही, याचा दाखला हिऱ्यांच्या बाजारात आहे. खजोदला सुरत डायमंड बोर्स उभा राहिला, चार हजारांहून जास्त कार्यालयांचा, डिसेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. तरी महिधरपुरा आणि वराछाच्या गल्ल्यांत दलाल कागदाच्या पुड्या उघडून उभे राहायचे ते राहिलेच. ज्याच्याशी रोज चहा होतो त्याच्यापासून इतकं लांब जाऊन बसायचं, तर धंद्याचं काय? हिऱ्यांची गल्ली ही साडीच्या गादीची चुलत बहीण. तिचीही समजूत तीच.

गादीला मरण ठाऊक आहे, दोन प्रकारचं. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात घुसली. कापसाची गादी पाणी प्यायली की वाळत नाही, सडते. तिला फेकूनच द्यावं लागतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिंग रोडच्या शिवशक्ती मार्केटला आग लागली, शेकडो दुकानं जळाली. पूर असो की आग, दुकान परत उघडतं तेव्हा आधी नवी गादी भरून येते, फर्निचर मागाहून.

तिसरं मरण हळू येतंय. नव्या शोरूममध्ये काउंटर आहे, खुर्च्या आहेत, भाव पक्का लिहिलेला. गुडघे दुखणाऱ्या सासवांना खुर्ची बरी वाटते, त्यांना दोष कसा द्यायचा? भाऊचे गुडघेही दिवसभर मांडी घालून गेलेले असतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही. काही दुकानांनी गादीवर रेक्झिन चढवलंय, पुसायला सोपं. उन्हाळ्यात त्यावर बसलेली बाई दहा मिनिटांत उठते, तेव्हा तो अपमान गादीने नव्हे तर रेक्झिनने केलेला असतो. आणि आता दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीसमोर गोल दिवा लागतो, मोबाइल तिपाईवर चढतो आणि भाऊ किंवा कामावरची एखादी मुलगी व्हिडिओ कॉलवर साड्या उलगडते. पलीकडे चोपड्याची कुणी ताई स्क्रीनवर काठ बघत असते. रंग जरा वेगळा येतो. "ताई, असाच शे, मन्हावर भरोसा ठेवा," एवढं तो म्हणतो, आणि ती ठेवते, कारण तिच्या आईचा बस्ता त्यानेच फाडलेला असतो. गादी तिथे नुसती मागचा पांढरा पडदा झालेली असते.

तुम्ही बस्त्याला सुरतेला निघाला असाल तर रविवार टाळा, होलसेलची बरीच मार्केटं बंद असतात. सैल कपडे घाला, मांडी घालता येईल असे. बरोबरच्या एकीला उभी ठेवा. आवडलेली साडी दुकानाच्या दारापर्यंत नेऊन उन्हात बघा, गादीला राग येत नाही. भाव हवा तेवढा करा, पण आकडा एकदा ठरला की उठून जाऊ नका. आणि समोरच्याने "हाई ऱ्हाऊ द्या" म्हटलं, तर ती साडी ठेवून द्या आणि त्याचा नंबर घ्या.